भिंत चर्चची, अंगण सरकारचे: सॅन अँटोनिओच्या मिशनांचे प्रकरण

प्रार्थना चालू असलेली चार चर्च एका राष्ट्रीय उद्यानाच्या मधोमध आहेत आणि ती उद्यानाच्या मालकीची नाहीत. उद्यान उभे राहिले तेव्हा त्यांच्यावर सरकारी पैसा खर्च करण्याला अमेरिकी राज्यघटनेचा अडसर होता. टेक्सासमधल्या सॅन अँटोनिओ मिशन्स राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यानाच्या या प्रकरणात बोलणी कशी झाली, रेघ कुठे आखली गेली आणि ती कुठे अडली, ते इथे मांडले आहे. व्यक्तींची नावे वगळली आहेत. ठिकाणे आणि संस्था सार्वजनिक नोंदीतल्या आहेत.

पार्श्वभूमी

मिशन म्हटले की डोळ्यापुढे चर्च येते. ते चित्र अपुरे आहे. अठराव्या शतकातले मिशन म्हणजे तटबंदीच्या आतले आखे गाव होते. त्यात चर्च, पाद्र्यांचे निवासस्थान (कॉन्व्हेंटो), धान्याचे कोठार, सुतार-लोहार-विणकरांच्या कार्यशाळा आणि तटाला लागून स्थानिक आदिवासींच्या खोल्या असत. तटाबाहेर शेती, त्यापलीकडे गुरांची कुरणे. न्यू स्पेनच्या उत्तर सीमेवर पुरेसे सैनिक ठेवणे स्पेनला परवडत नव्हते. म्हणून तिथल्या कोआविल्तेकान टोळ्यांना एका जागी वसवायचे, ख्रिस्ती करायचे, नांगर धरायला शिकवायचे आणि राजाची रयत बनवायचे, असा तो बेत होता. आपाची आणि कोमांचे यांचे हल्ले, दुष्काळ, भूक यांना कंटाळून काही टोळ्या आपणहून आल्या. आल्यावर देवी-गोवराच्या साथींनी त्यांची संख्या वारंवार खचली. 1739 ची साथ त्यांतली फार मोठी.

सॅन अँटोनिओ नदीकाठी साधारण 12 किलोमीटरच्या पट्ट्यात अशी पाच मिशने झाली. पहिले 1718 चे वालेरो, म्हणजे पुढे लढाईमुळे गाजलेले अलामो. 1720 मध्ये सान होसे. 1731 मध्ये पूर्व टेक्सासमधून हलवून आणलेली कन्सेप्सिओन, सान हुआन आणि एस्पादा. अलामो वेगळे राहिले. उरलेली चार या उद्यानात आहेत.

या पाचांना जिवंत ठेवणारी गोष्ट होती पाट. स्थानिक शब्द आसेकिया. नदीवर बंधारा, त्यातून उताराने वाहणारा पाट आणि शेतकऱ्यांमध्ये पाण्याच्या पाळ्या. धुळे-नाशिकची फड पद्धत ज्याने पाहिली आहे त्याला हे वेगळे समजावून सांगायला नको. पाच बंधारे, सात पाट आणि एक जलसेतू मिळून सुमारे 24 किलोमीटरच्या जाळ्यातून साधारण 3,500 एकर भिजत असे. एस्पादाचा बंधारा आणि 1745 च्या सुमारास पुरा झालेला जलसेतू आजही पाणी नेतात.

मालकीचा गुंता कुठून आला

1793-94 मध्ये मिशनांच्या जमिनी तिथल्या रहिवाशांना वाटायला सुरुवात झाली. 1824 पर्यंत ती व्यवस्था पुरती गुंडाळली गेली. चर्चच्या इमारती उरल्या, पण सांभाळणारे गेले. 1841 मध्ये टेक्सास स्वतंत्र प्रजासत्ताक असताना तिथल्या काँग्रेसने कायदा करून या चर्चच्या इमारती कॅथलिक चर्चच्या हवाली केल्या. आजच्या मालकीचे मूळ तिथे आहे.

पुढची शंभर वर्षे पडझडीची. सान होसेच्या चर्चची उत्तरेकडची भिंत 1868 मध्ये पडली, घुमट आणि छत 1874 मध्ये, मनोरा 1928 मध्ये. आज पर्यटक जे देखणे चर्च पाहतात त्याचा बराचसा भाग 1930 च्या दशकात पुन्हा उभारलेला आहे. कन्सेप्सिओनच्या चर्चचे, 1755 मध्ये अर्पण झालेल्या, छत मात्र कधीच कोसळले नाही. सगळी दुरुस्ती चर्चने केली असे नाही. 1924 मध्ये स्थापन झालेल्या सॅन अँटोनिओ कन्झर्व्हेशन सोसायटीने सान होसेचे कोठार तुकड्या-तुकड्याने विकत घेऊन दुरुस्त केले आणि 1937 मध्ये एस्पादाचा जलसेतूही घेतला. तटबंदीलगतच्या खोल्या मंदीच्या काळातल्या सरकारी रोजगार योजनेतून पुन्हा बांधल्या गेल्या.

म्हणजे 1940 पर्यंत सान होसेच्या एकाच आवारात चर्च महाधर्मप्रांताचे (सॅन अँटोनिओच्या कॅथलिक आर्चडायोसिसचे), कोठार सोसायटीचे आणि खोल्या सरकारी पैशातून उभ्या राहिलेल्या, अशी अवस्था होती. 1941 मध्ये महाधर्मप्रांत, सोसायटी, टेक्सास राज्य आणि केंद्राचा गृहविभाग (तिकडे 'इंटिरिअर' म्हणजे जमीन, उद्याने, नैसर्गिक संपत्ती, पोलीस नव्हे) यांनी करार करून सान होसेला राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ घोषित केले. त्या वेळी घटनेचा प्रश्न फारसा कोणी काढला नाही. तो तीस वर्षांनी निघाला.

अडचण

10 नोव्हेंबर 1978 रोजी उद्यानाचा कायदा मंजूर झाला. पण उद्यान प्रत्यक्ष सुरू झाले 1 एप्रिल 1983 रोजी. मधली साडेचार वर्षे एकाच प्रश्नात गेली: ज्या इमारतीत नियमित मिस्सा (कॅथलिकांची सामुदायिक उपासना) होते, तिला केंद्र सरकार हात लावू शकते का?

अमेरिकी घटनेची पहिली दुरुस्ती सरकारला कोणत्याही धर्माची प्रस्थापना करू देत नाही. 1971 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने लेमन खटल्यात तीन कसोट्या घातल्या. सरकारी कृतीचा हेतू ऐहिक हवा. तिचा मुख्य परिणाम धर्माला पुढे ढकलणारा किंवा मागे खेचणारा नको. आणि सरकार व धर्मसंस्था यांची अवाजवी गुंतागुंत नको. त्याच वर्षी टिल्टन खटल्यात आणखी एक मुद्दा निघाला. धार्मिक महाविद्यालयांच्या इमारतींना सरकारी अनुदान होते आणि वीस वर्षांनी त्यांच्या वापरावरचे बंधन संपणार होते. न्यायालयाने ती मुदतच रद्द केली, कारण मुदत संपल्यावर सरकारी पैशाने बांधलेली इमारत धर्मकार्यासाठी मोकळी होते.

हे नियम मिशनांना लावले की पेच दिसतो. चर्चचे छत सरकारने दुरुस्त केले तर ते छत उद्या कोणाच्या डोक्यावर असेल? मिस्सेला आलेल्या भाविकांच्या. इतिहास जपण्याचा हेतू ऐहिक आहे हे सगळ्यांना मान्य होते. परिणाम ऐहिक आहे का, यावर मतभेद होते. तिसरी कसोटी तर चमत्कारिकच होती. सरकारी पैशाचा गैरवापर होऊ नये म्हणून देखरेख वाढवायची, तर देखरेख हीच गुंतागुंत ठरायची.

विचारात घेण्यासारखे पर्याय

संपूर्ण खरेदी. सरकारने चर्चसकट सगळे विकत घ्यायचे. वारसा जपणाऱ्यांना हे पहिल्यांदा सोपे वाटते, कारण मालक एक, नियम एक. पण मग धर्मग्रामाचे, म्हणजे त्या चर्चच्या भाविक-समुदायाचे, काय? त्यांना बाहेर काढले तर अडीचशे वर्षे चालत आलेला वापर तुटतो. आत ठेवले तर सरकार स्वतःच्या इमारतीत एका पंथाला जागा देते, आणि घटनेचा प्रश्न आणखी बिकट होतो. शिवाय महाधर्मप्रांत विकायला तयार नव्हताच.

ॲरिझोनातले तुमाकाकोरी मिशन ही या पर्यायाची दुसरी बाजू. ते 1908 पासून सरकारी स्मारक आहे. शेवटचे रहिवासी 1848 मध्येच निघून गेले होते, त्यामुळे तिथे धर्मग्राम उरलाच नव्हता. मातीच्या विटांच्या त्या चर्चवर 1921 मध्ये छप्पर घातले, भिंती सावरल्या आणि ते अपुरे-उजाड रूप तसेच जपले. जपणूक उत्तम, पण ते गाव संपलेले आहे. सॅन अँटोनिओत गाव संपलेले नव्हते.

चर्च वगळून उद्यान. तट, कोठार, पाट, शेते, सगळे उद्यानात घ्यायचे आणि चर्चभोवती कुंपण घालून ते हद्दीबाहेर ठेवायचे. कायद्याच्या दृष्टीने सर्वांत स्वच्छ. पण ज्या इमारतीभोवती बाकीचे सगळे उभे आहे ती दाखवायची नाही, तर पाहुण्याला मिशन समजणार कसे?

जैसे थे. राज्य, सोसायटी आणि महाधर्मप्रांत यांनी आपापले सांभाळायचे. सान होसेत हे बरे चालले होते. सान हुआन आणि एस्पादा यांना मात्र ना पैसा ना पहारा, आणि शहर दक्षिणेकडे वाढत होते.

सहकार्य करार. मालकी जिथे आहे तिथे राहू द्यायची आणि जबाबदाऱ्या वाटून घ्यायच्या. 1978 च्या कायद्यातच ही वाट ठेवलेली होती. मालकाने वास्तू कायम जपायची, सरकारच्या संमतीशिवाय ऐतिहासिक भाग बदलायचा किंवा काढायचा नाही, समजून घेण्यासाठी आवश्यक तेवढ्या भागात लोकांना वाजवी प्रवेश द्यायचा. त्या बदल्यात खाजगी मालकीच्या जागेवरही सरकार आवश्यक बांधकाम करू शकेल आणि कार्यक्रम चालवू शकेल.

मराठी वाचकाला यात ओळखीचे काही दिसेल. आपल्याकडे 1958 च्या प्राचीन स्मारक कायद्यातही मालकाशी करार करून स्मारक जपण्याचे कलम आहे: देखभाल कोणी करायची, मालकाच्या हक्कांवर काय मर्यादा, लोकांना प्रवेश किती, खर्च कोणाचा. अंबरनाथचे शिवमंदिर किंवा जुन्या गोव्यातली बॉम जेझूस बासिलिका, दोन्ही संरक्षित आहेत आणि दोन्हीकडे उपासना चालते. फरक एवढाच की भारतात सरकारने मंदिराचा किंवा चर्चचा दगड सांधला म्हणून घटना आडवी येत नाही. तिथे त्या वेळी येत होती.

कृती: रेघ कुठे आखली

20 फेब्रुवारी 1983 रोजी महाधर्मप्रांत आणि राष्ट्रीय उद्यान सेवा यांच्यात करार झाला. त्याचे सार दोन वाक्यांत सांगता येते. चर्चच्या इमारती महाधर्मप्रांताच्या, त्यांची देखभाल त्याच्या खर्चाने, प्रार्थना पूर्वीसारखी चालू. बाकीचे आवार, अवशेष, कोठार, खोल्या आणि माहिती देण्याचे काम उद्यान सेवेचे.

या वाटणीत एक गोष्ट हुशारीने केली आहे. 'धार्मिक वास्तू' आणि 'ऐतिहासिक वास्तू' अशी विभागणी केली असती तर ती टिकली नसती, कारण प्रत्येक दगड दोन्ही आहे. रेघ आजच्या वापरावर आखली. कॉन्व्हेंटोमध्ये एकेकाळी पाद्री राहत, तरी आज तिथे उपासना होत नाही. म्हणून ते उद्यानाकडे. हिशेबनिसाला तपासता येईल अशी ही कसोटी आहे. इथे मिस्सा होते का? होत असेल तर केंद्राचा पैसा नाही.

दुसरा निर्णय बोलण्याविषयीचा. उद्यानाचा मार्गदर्शक इतिहास सांगतो. श्रद्धेवर तो बोलत नाही, तिची बाजू घेत नाही आणि तिची टरही उडवत नाही. ऐकायला सोपे, करायला अवघड. नक्षीदार दारावरच्या संतांच्या मूर्ती समजावायच्या तर त्यांची कथा सांगावीच लागते. 'त्या काळच्या पाद्र्यांची अशी समजूत होती' आणि 'असे आहे' या दोन वाक्यांतले अंतर रोज, प्रत्येक फेरीत राखावे लागते.

तिसरी बाब वेळेची. सान होसेची रविवारची मारियाची (मेक्सिकन लोकवाद्यवृंदासह होणारी) मिस्सा इतकी लोकप्रिय आहे की तिला पर्यटकही येतात. लग्न किंवा अंत्यविधी असला की पर्यटकांना आत जाता येत नाही. पंधराशे मैलांवरून आलेला माणूस बंद दारापुढे चिडतो आणि तक्रार खाकी टोपीवाल्या उद्यानरक्षकाकडे करतो. टोपीवाल्याच्या हातात त्या दाराची किल्ली नसते.

जिथे रेघ अडली: पाणी

कागदावर भिंत ही रेघ असते. पाण्याला ती दिसत नाही.

ही चर्च चुनखडी आणि वाळूच्या दगडाची आहेत. भिंतीला दोन्ही बाजूंनी घडीव किंवा अर्धवट घडीव दगड आणि पोटात चुन्यात बसवलेली खडी-दगडांची भर. अशी भिंत श्वास घेते: जमिनीतून वर चढलेली ओल चुन्याच्या दरजांमधून आणि गिलाव्यातून बाहेर पडते. विसाव्या शतकात जगभर जे झाले ते झाले की, म्हणजे दरजा सिमेंटने भरल्या की, ओल तिथून निघू शकत नाही. ती शेजारच्या मऊ दगडातून निघते, सोबत क्षार आणते, क्षारांचे स्फटिक दगडाच्या पृष्ठभागाखाली फुगतात आणि पापुद्रे सुटतात. काही वर्षांनी सिमेंटच्या दरजा जाळीसारख्या पुढे आलेल्या आणि दगड आत झिजलेला दिसतो.  उपाय माहितीचा आहे: सिमेंट हाताने, छिन्नी-हातोडीने काढायचे (ग्राइंडर लावला की दगडाची धार जाते), चुना आणि वाळू साधारण 1:3 प्रमाणात घेऊन दरजा भरायच्या आणि ओले गोणपाट लावून हळू सुकू द्यायच्या.

पण भिंतीत ओल येते कुठून? पुष्कळदा अंगणातून. आणि अंगण उद्यानाचे.

एक साधा हिशेब करू. 30 मीटर लांब, 8 मीटर रुंद छत म्हणजे 240 चौरस मीटर. 50 मिलिमीटरचा एक सपाटून पडलेला पाऊस त्यावरून 12,000 लिटर पाणी खाली टाकतो, म्हणजे आपल्याकडचा एक मोठा टँकर भरून वर. ते पन्हळींतून चार-सहा ठिकाणी, नेमके भिंतीच्या पायथ्याशी पडते. छत आणि पन्हळ महाधर्मप्रांताची. पाणी पडते ती जमीन उद्यानाची. पाणी दूर न्यायला चर खणायची तर ती पुरातत्त्वीय जमीन आहे, तिथे जुने पाये आणि दफने असू शकतात. एका कुदळीआधी उत्खननाची परवानगी, पाहणी आणि नोंद लागते. पन्हळ लांब केली तर ऐतिहासिक रूप बदलते, त्याला सरकारची संमती लागते. म्हणजे एक लहानशी चर म्हणजे दोन मालक, दोन अंदाजपत्रके आणि दोन परवानग्या.

सान हुआनला यावर आणखी एक भर पडली. त्या बाजूची माती चिकणमाती आहे, पाण्याने फुगणारी आणि उन्हात आकसणारी. विदर्भ-मराठवाड्याच्या काळ्या मातीत घर बांधणाऱ्याला हे सांगायला नको: उन्हाळ्यात हात जाईल अशी भेग, पावसाळ्यात तीच जमीन वर येते. अशा मातीवर उथळ पाया असलेली जुनी दगडी भिंत एका बाजूला ओली आणि दुसऱ्या बाजूला कोरडी राहिली तर ती सारखी हलत नाही, वाकते. चर्चचा आतला भाग छपराखाली कायम कोरडा, बाहेरचा कधी भिजलेला तर कधी वाळलेला. टेक्सासमध्ये 2011 हे नोंदीतल्या सर्वांत भीषण दुष्काळांपैकी एक वर्ष होते. अशा वर्षी माती खोलवर आकसते. सान हुआनच्या भिंतींना भेगा पडल्या होत्या, पाया सावरणे भाग होते. ते काम 2012 मध्ये पुरे झाले आणि चर्च पुन्हा पांढऱ्या गिलाव्यात उभे राहिले. उघड्या दगडाची बाकीची चर्च पाहून आलेल्याला ते पांढरे चर्च नवे वाटते. मुळात या चर्चना गिलावा होताच. उघडा दगड हीच नंतरची सवय.

(बॉम जेझूसची कथा याच्या उलट. विसाव्या शतकाच्या मध्यात तिचा गिलावा मुद्दाम काढला, जांभा उघडा पडला आणि आता गोव्याचा पाऊस तो झिजवतो. पुन्हा गिलावा करू म्हटले की, 'पण तिचे रूप तर लालच आहे', असे लोक म्हणतात. दोन पिढ्यांत चूक हेच रूप होऊन बसते.)

सान हुआन, कन्सेप्सिओन आणि सान होसे यांच्या चर्चची 2010 ते 2012 दरम्यानची मोठी कामे महाधर्मप्रांताच्या बाजूने उभारलेल्या देणग्यांतून झाली. त्यासाठी वेगळी ना-नफा संस्था करावी लागली. करार शब्दशः पाळला गेला, हे खरे. पण देणग्या जमेपर्यंत भेग थांबत नाही, हेही खरे. उद्यानाकडच्या वास्तूंना दरवर्षी केंद्राच्या अंदाजपत्रकातून देखभाल मिळते. चर्चना ती मोहिमेमोहिमेने मिळते. मोहिमेने चालणाऱ्या देखभालीत लहान कामे राहून जातात आणि मोठी होऊन परत येतात.

सामाईक भिंती

कन्सेप्सिओनमध्ये कॉन्व्हेंटोच्या खोल्या चर्चला चिकटून आहेत. त्यांतल्या एका छतावर दाढी-मिशी असलेल्या सूर्याचे चित्र आहे. 1988 मध्ये तज्ज्ञांनी भित्तिचित्रे स्वच्छ केली तेव्हा, आधी 'देवाचा डोळा' समजले गेलेले ते चित्र चेहरा असलेला सूर्य निघाले. ही खोली उद्यानाच्या बाजूची. पण तिची एक भिंत चर्चच्या भिंतीला भिडलेली, आणि चर्चच्या छतातून गळती झाली तर ओल रंगापर्यंत येऊ शकते. अशा भिंतीचा अर्धा भाग कोणाचा, याला कायद्यात उत्तर आहे. गळतीला उत्तर छतावर चढूनच शोधावे लागते.

परिणाम

मुख्य हेतू साधला. चारही धर्मग्राम चालू आहेत आणि उद्यानही. पाटाचे काम तर रेघेमुळे उलट सोपे झाले, कारण पाण्याला पंथ नाही. विसाव्या शतकाच्या मध्यात पूरनियंत्रणासाठी नदी सरळ केली तेव्हा सान हुआनचा जुना बंधारा प्रवाहापासून तुटला होता. 2011 च्या सुमारास त्या पाटात पुन्हा पाणी सोडले गेले आणि मिशनच्या शेतात पिके उभी राहिली. जुलै 2015 मध्ये अलामो आणि फ्लोरेसव्हिलजवळचे जुने कुरण धरून ही मिशने जागतिक वारसा यादीत गेली. महाधर्मप्रांत, केंद्र, राज्य, परगणा, शहर, नदी प्राधिकरण असे कितीतरी मालक असूनही हे जमले. त्यात 1983 पासूनची एकत्र बसण्याची सवय कामी आली असणार.

कायद्याची हवाही मधल्या काळात बदलली. 2003 मध्ये न्याय विभागाने बोस्टनच्या ओल्ड नॉर्थ चर्चबाबत मत दिले की ऐतिहासिक धर्मवास्तूंना जतनाचे अनुदान देता येते. 2004 मध्ये कॅलिफोर्नियाच्या मिशनांसाठी पाच वर्षांत एक कोटी डॉलरपर्यंतचा कायदा झाला आणि लगोलग त्यावर खटला दाखल झाला. 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने लेमन कसोटी मोडीत काढली. आज हा करार नव्याने लिहायचा झाला तर रेघ कदाचित सैल आखता येईल. 1983 मध्ये ती सैल आखली असती तर उद्यान सुरू व्हायच्या आधीच न्यायालयात गेले असते. त्या वेळचा कडकपणा त्या वेळी बरोबर होता, असे माझे मत.

काय वेगळे करता आले असते

पाण्यासाठी वेगळे कलम. इमारती वाटून घ्याव्यात, पण छत, पन्हळ, पायथ्यापासून किमान तीन मीटरची पट्टी आणि निचऱ्याचे चर हा एकच घटक धरून त्याची जबाबदारी, परवानगी आणि खर्चाचा वाटा आधीच लिहायला हवा. पट्टीत हिरवळ नको, फवारे नकोत, फुलझाडे तर नकोतच. भिंतीलगतच्या वाफ्याएवढे शांतपणे नुकसान करणारे दुसरे काही नसते, आणि तो काढा म्हटले की सर्वांत जास्त दुखते ते भाविकांना.

सही करण्याआधीची नोंद. प्रत्येक भिंतीची छायाचित्रे, भेगांची लांबी-रुंदी आणि ओलीची उंची मोजून दोन्ही पक्षांनी मान्य केलेला दस्तऐवज. त्यावाचून दहा वर्षांनी 'ही भेग तुमच्या चरीमुळे' आणि 'ही आधीपासूनच होती' या वादाला शेवट नाही. भेगेवर काचेची पट्टी चिकटवणे किंवा मोजपट्टी बसवून दर महिन्याला वाचन घेणे हे स्वस्त काम आहे. फुगणाऱ्या मातीत ते किमान दोन उन्हाळे-पावसाळे घ्यावे लागते, नाहीतर ऋतूची हालचाल आणि खरी खचण वेगळी ओळखता येत नाही, आणि मग नुसत्या ऋतूच्या भेगेसाठी कोणीतरी पाया खणून बसते.

तिसरा पक्ष. करार दोघांत झाला. ज्यांच्या पूर्वजांनी या भिंती बांधल्या त्यांचे वंशज त्यात नव्हते. 1960 च्या दशकाच्या अखेरीस सान हुआनमध्ये उत्खनन करून मानवी अवशेष काढून नेले होते. वंशजांनी पाठपुरावा केल्यावर ते नोव्हेंबर 1999 मध्ये परत आणून तिथेच पुरले गेले. महाधर्मप्रांत म्हणतो चर्च आमचे, उद्यान म्हणते अंगण आमचे. त्या अंगणाखाली कोण आहे, हा प्रश्न 1983 च्या टेबलावर यायला हवा होता. तो आला असता तर पायथ्याशी चर खणण्याची पद्धतही तेव्हाच ठरली असती, कारण ती चर नेमकी त्यांच्याच जमिनीतून जाते.